तोंड वाकडं झालंय आणि एमआरआय नॉर्मल आलाय, मग बघायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई, वय ५८, शुगर आहे. चार दिवसांपूर्वी सकाळी चूळ भरताना पाणी उजव्या बाजूने गळायला लागलं, आरशात बघितलं तर तोंड डावीकडे ओढलेलं आणि उजवा डोळा नीट मिटेना. ईएनटीच्या डॉक्टरांनी तपासून बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या नसेला सूज येऊन एक बाजू अचानक ढिली पडणं, असं सांगितलं, स्टिरॉइड सुरू केलं आणि स्कॅनची आत्ता गरज नाही म्हणाले. घरात मात्र तोंडावरून वारं गेलं म्हणून सगळे घाबरले आणि धाकट्या भावाने त्याच संध्याकाळी मेंदूचा साधा एमआरआय करून आणला, तो नॉर्मल. आता विचारताय की मेंदू नॉर्मल आहे तर तोंड वाकडं कशामुळे, डॉक्टर स्कॅन नको म्हणाले ते बरोबर होतं का, आणि पुढे वेळ आलीच तर कोणता स्कॅन करायचा.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, २२ वर्षं झाली, त्यातली बरीचशी कान आणि डोकं-मान याच भागाचे स्कॅन बघण्यात गेली. तुमच्या ईएनटी डॉक्टरांचं बरोबर होतं हे आधी सांगते, कारण घरात त्यांच्यावरच शंका घेणं चालू असणार.

त्यांनी आईला वर बघायला सांगून कपाळाला आठ्या पाडायला लावल्या असतील, आठवून बघा. त्या एका गोष्टीवर खूप काही ठरतं. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो, त्यामुळे मेंदूत वर कुठे स्ट्रोक झाला तर तोंडाचा खालचा भाग वाकडा होतो पण कपाळावर दोन्ही बाजूंना आठ्या पडतात, डोळाही बराचसा मिटतो. आणि नस मेंदूतून बाहेर पडल्यावर कुठेही बिघडली तर कपाळ, डोळा, गाल, ओठ, सगळी बाजू एकदम ढिली पडते. आईचा डोळा मिटत नाही म्हणताय आणि कपाळही गुळगुळीत असेल तर बिघाड नसेत आहे, मेंदूच्या वरच्या भागात नाही. अपवाद आहे तो मेंदूच्या देठात, पोन्समध्ये, होणाऱ्या छोट्या स्ट्रोकचा, तिथे नसेचं मूळच सापडतं म्हणून कपाळही जातं, पण तिथे शेजारी इतकी गर्दी आहे की सहसा सोबत दुसरं काहीतरी दिसतंच, एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं, हातापायात जोर नसणं, जीभ जड होणं. यातलं काहीही असेल, किंवा कपाळ शाबूत राहून फक्त ओठ वाकडा असेल, तर स्कॅन कोणता ते विचारत बसू नका, १०८ ला फोन करून सरळ स्ट्रोक बघणाऱ्या हॉस्पिटलला जा, कारण गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साडेचार तासांचीच मुदत असते. तिथे ते आधी सीटी करतील आणि गरजेप्रमाणे डिफ्यूजनचा, म्हणजे ताजा स्ट्रोक दाखवणारा, एमआरआय.

आता मेंदू नॉर्मल तर तोंड वाकडं कसं. त्यासाठी या नसेचा रस्ता डोळ्यासमोर आणावा लागतो. सातवी नस, फेशियल नर्व्ह, पोन्सच्या खालच्या कडेपाशी बाहेर पडते, ऐकण्याच्या आणि तोलाच्या नसेसोबत मिळून कानाच्या आतल्या बोगद्यात शिरते, आणि तिथून पुढे एकटी हाडाच्या नळीतून जाते. पहिला तुकडा जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर लांब आणि तोच सगळ्यात अरुंद, त्याच्या तोंडाशी नळीची रुंदी ०.७ मिलिमीटरच्या आसपास. मग नसेचीच एक नैसर्गिक गाठ (आजाराची नव्हे), जेनिक्युलेट गँग्लिऑन, तिथे नस काटकोनापेक्षाही जास्त वळते, मधल्या कानाच्या भिंतीवरून मागे जाते, पुन्हा खाली वळते, कानामागच्या मॅस्टॉइड हाडातून उतरते आणि कानाच्या पाळीच्या मागे खोलवर एका छोट्या भोकातून बाहेर येते. त्या भोकाचं नाव स्टायलोमॅस्टॉइड फोरामेन, हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तिथून ती पॅरोटिड म्हणजे गालातल्या लाळग्रंथीत शिरते आणि पाच फांद्या होऊन चेहराभर पसरते. हाडाच्या आतून इतका लांब, जवळपास ३ सेंटीमीटर, प्रवास शरीरातल्या दुसऱ्या कुठल्या नसेला नाही. बेल्स पाल्सीत होतं काय तर नसेला सूज येते आणि त्या अरुंद तुकड्यात तिला फुगायला जागाच नसते, बोट सुजल्यावर अंगठी रुतते तसं, आणि मग नसेचाच रक्तपुरवठा आवळला जातो.

भावाने केलेला स्कॅन मेंदूचा साधा. त्यात स्लाइस साधारण ५ मिलिमीटर जाडीचे असतात आणि आपण शोधतोय ती नस १ मिलिमीटरच्या आसपासची. कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटोत बिघडलेला भाग उठून दिसावा म्हणून शिरेतून देतात ते औषध, दिलेलं नाही. आणि स्कॅन कवटीच्या तळाशी संपतो, म्हणजे मॅस्टॉइडचा खालचा भाग निसटता आला तर आला आणि पॅरोटिड बहुतेक आलीच नाही. त्या रिपोर्टचा अर्थ एवढाच की त्यात मोठा स्ट्रोक, मोठी गाठ, रक्तस्राव दिसला नाही. हे कळलं ते चांगलंच, पण नस बघितलीच गेली नाही, तर ती नॉर्मल आहे असं त्या कागदावरून कोणी म्हणू नये.

मग लगेच कॉन्ट्रास्टचा चांगला एमआरआय करून नस का बघू नये? बघता येते, छान दिसते. बेल्स पाल्सीत कानाच्या बोगद्याच्या टोकाशी आणि त्या अरुंद तुकड्यात नस कॉन्ट्रास्ट घेऊन चमकते, एकसारखी, रेघेसारखी, कुठेही फुगवटा न येता. पण ही चमक बघून कितपत बरं वाटणार, किती दिवसांत वाटणार हे भरवशाने सांगता येत नाही, चेहरा पूर्ण बरा झाल्यावरही ती कित्येकदा काही महिने राहते, आणि औषध तर तेच राहतं, स्टिरॉइड, तेही पहिल्या ७२ तासांत. स्कॉटलंडमध्ये ५५१ पेशंटवर झालेला अभ्यास २००७ साली छापून आला, त्यात वेळेत प्रेडनिसोलोन मिळालेले ९४ टक्के लोक ९ महिन्यांनी पूर्ण बरे होते आणि न मिळालेले ८२ टक्के. म्हणून अमेरिकेतल्या ईएनटी सर्जनांच्या अकादमीच्या २०१३ च्या गाइडलाइनमध्ये सरळ लिहिलंय की नव्याने झालेल्या बेल्स पाल्सीत सरसकट स्कॅन करू नका. स्कॅनची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत गोळी थांबवून ठेवलेले पेशंट मी बघितलेत, ते मात्र खरंच नुकसान आहे.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते कारण यावरून घरोघरी घबराट होते. जेनिक्युलेट गाठ, मधल्या कानातला तुकडा आणि मॅस्टॉइडमधला तुकडा हे निरोगी माणसातही कॉन्ट्रास्ट घेऊन थोडे चमकतात कारण तिथे नसेभोवती रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. रिपोर्टमध्ये नुसतं नस चमकतेय एवढंच लिहिलेलं असेल तर कुठल्या तुकड्यात, दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त का, आणि रेघेसारखी की गाठीसारखी, हे तीन प्रश्न रिपोर्ट देणाऱ्यालाच विचारा. आमचं काम आहे ते सांगणं.

आता महत्त्वाचा भाग, स्कॅन कधी करायचाच. इथे मशीनपेक्षा कॅलेंडर जास्त कामाला येतं. डेन्मार्कमध्ये बेल्स पाल्सीच्या औषध न घेतलेल्या पेशंटची अनेक वर्षांची मोठी नोंद ठेवली गेली, २००२ साली ती छापली, त्यात १०० पैकी ८५ जणांच्या चेहऱ्यात पहिल्या ३ आठवड्यांतच थोडी तरी हालचाल परत आली, बाकीच्यांच्यात ३ ते ५ महिन्यांत, आणि ७१ जण पूर्ण बरे झाले. म्हणजे खऱ्या बेल्स पाल्सीत उशिरा का होईना, थोडी का होईना, हालचाल येतेच. ३ महिने उलटून चेहरा अपुराच राहिला तर पुन्हा नीट तपासणी आणि स्कॅन हवा, आणि ५ महिन्यांनीही काहीच हललेलं नसेल तर ती बेल्स पाल्सी नाही असंच धरून शोधायला लागायचं. दुसरी खूण सुरुवातीची. बेल्स पाल्सी झटक्यात येते, दीड-दोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत, पूर्ण जोरात. आठवड्यांमागून आठवडे हळूहळू वाढत गेलेली वाकडी बाजू, किंवा आधी पापणी-गाल फडफडून मग ढिली पडलेली, किंवा एकाच बाजूला पुन्हा पुन्हा होणारी, किंवा फक्त एकच फांदी गेलेली, म्हणजे फक्त कपाळ किंवा फक्त खालचा ओठ, यातल्या कशालाही मी वाट बघू देत नाही.

का ते सांगते. काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका आल्या होत्या, वय चाळिशीतलं. डावी बाजू ५ महिन्यांत थोडी थोडी करत गेली होती, आधी फक्त हसताना ओठ कमी वळायचा, वर्गातल्या मुलांनी म्हणे आधी ओळखलं. बेल्स पाल्सी म्हणून गोळ्या झाल्या, मशीनचा शेक झाला, कोणीतरी सांगितलं म्हणून कबुतराचं रक्तही चोळून झालं. दोन वेगवेगळ्या ठिकाणी मेंदूचे एमआरआय झालेले, दोन्ही रिपोर्ट नॉर्मल. त्यांनी पिशवीतून सीडी काढून दिली, मी ती लावली आणि सरळ शेवटच्या स्लाइसवर गेले. स्टायलोमॅस्टॉइड भोकाच्या खाली सगळ्यांनाच चरबीचा एक छोटा ठिपका असतो, साध्या टी-वन फोटोत (एमआरआयचा एक प्रकार, यात चरबी पांढरी येते) तो पांढराशुभ्र दिसतो आणि त्याच्या मधोमध नस काळसर टिंबासारखी. त्यांच्या उजव्या बाजूला तो ठिपका होता. डाव्या बाजूला त्या जागी राखाडी काहीतरी भरलेलं होतं. एकाच स्लाइसमध्ये, अगदी काठाला, आणि रिपोर्ट मेंदूचा म्हणून तिथे कोणाची नजर गेलेली नव्हती. आम्ही पॅरोटिडपासून पोन्सपर्यंत बारीक स्लाइसचा कॉन्ट्रास्ट एमआरआय केला तर पॅरोटिडच्या खोल भागात बोराएवढी गाठ, बाहेरून हाताला न लागणारी, आणि तिथून नस जाड होत मॅस्टॉइडपर्यंत वर चमकत गेलेली. सुईने तपासल्यावर अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा निघाला, नसेला धरून चालत जाण्यात या कॅन्सरइतका चिवट दुसरा क्वचितच. ऑपरेशन आणि रेडिएशन झालं. ५ महिन्यांऐवजी दुसऱ्या महिन्यात कोणी तो ठिपका बघितला असता तर नसेचा किती भाग काढावा लागला असता, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही. तेव्हापासून चेहऱ्याच्या नसेचा कुठलाही स्कॅन मी खालून वर बघते, आधी पॅरोटिड, मग तो ठिपका, मग बाकीचं. गालाच्या किंवा कानाच्या कातडीचा कॅन्सर पूर्वी काढलेला असेल तरी असंच होऊ शकतं, त्यामुळे जुना इतिहास छोटा वाटला तरी सांगायचा.

सीटी कुठे लागतो? जिथे हाडाचा प्रश्न आहे तिथे. बाइकवरून पडून डोक्याला मार लागला आणि तोंड वाकडं झालं तर टेम्पोरल बोनचा, म्हणजे कानाभोवतीच्या हाडाचा, एचआरसीटी, अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या स्लाइसचा, कारण फ्रॅक्चरची रेघ नसेच्या नळीला कुठे छेदते, हाडाचा कपचा आत घुसलाय का, हे त्यातच दिसतं. इथे एक गोष्ट स्कॅनइतकीच मोलाची आहे, तोंड पडल्यापडल्या लगेच वाकडं झालं होतं की दोन दिवसांनी. लगेच झालं असेल तर नस तुटल्याची किंवा चेंगरल्याची भीती जास्त, उशिरा झालं असेल तर बहुतेक सूज, आणि सर्जन काय करणार ते यावर ठरतं. कॅज्युअल्टीच्या केसपेपरवर ही ओळ पहिल्या तासात लिहिली गेली नाही तर नंतर कोणालाच आठवत नाही, पेशंट तर बेशुद्ध असतो, म्हणून नातेवाइकांनी सुद्धा लक्षात ठेवावी. कान वर्षानुवर्षं वाहतोय, घाण वास येतोय आणि आता तोंड वाकडं झालं तर तेही आधी सीटीचंच काम, कोलेस्टिआटोमाने, म्हणजे मधल्या कानात वाढत जाणाऱ्या कातडीच्या गोळ्याने, हाड खाऊन मधल्या कानातली नस उघडी पडलीय का बघायला, आणि शंका राहिली तर त्यासाठी डिफ्यूजनचा खास एमआरआय असतो.

नसेच्या स्वतःच्या गाठी तशा कमीच. श्वानोमा, म्हणजे नसेच्या आवरणाची साधी गाठ, नळी हळूहळू गुळगुळीत रुंद करतो, बऱ्याचदा जेनिक्युलेट गाठीपाशी. तिथेच रक्तवाहिन्यांची एक गाठ होते, ती एवढीशी असूनही चेहरा पुरता पाडते, सीटीत तिच्यात हाडाचे बारीक काटे मधाच्या पोळ्यासारखे दिसतात आणि एमआरआयमध्ये नुसती गाठ, म्हणून अशा वेळी मी दोन्ही मागते.

आईला शुगर आहे म्हणून हा मुद्दा वेगळा लिहिते. शुगरवाल्या माणसाचा कान रात्री झोप लागू नये इतका ठणकत असेल, थोडा पूही असेल आणि मग तोंड वाकडं झालं असेल तर तो कानाच्या नळीतून कवटीच्या तळाच्या हाडात उतरलेला जंतुसंसर्ग असू शकतो, बहुतेकदा स्यूडोमोनास नावाच्या जंतूचा. तो खाली पसरताना वाटेत तेच स्टायलोमॅस्टॉइड भोक लागतं म्हणून फेशियल नस सहसा पहिली जाते. तिथे सीटीत हाड किती खाल्लंय ते आणि एमआरआयमध्ये आजूबाजूचा पसारा बघायचा आणि अँटिबायोटिक आठवडे न आठवडे चालतात. २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्यूकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, किती माणसं गेली, किती जणांचे डोळे गेले ते आपण बघितलंय, तेव्हा शुगर, चेहरा सुन्न, नाकातून काळपट येणं आणि तोंड वाकडं, असं एकत्र आलं तर तासांचा हिशोब असतो. तुम्ही कान दुखल्याचं लिहिलेलं नाही. बेल्स पाल्सीतही कानामागे थोडं दुखतं, पण पू आणि रात्रीचा ठणका नसतो. आणि कानात किंवा कानाच्या पाळीवर पुरळ आलंय का ते बॅटरी लावून बघा, ती नागीण असते, रॅम्से हंट, तिला विषाणूची वेगळी गोळी लागते आणि ती डोळ्यांनी दिसते, स्कॅन लागत नाही.

दोन्ही बाजू एकदम ढिल्या पडल्या तर बेल्स पाल्सी समजून घरी बसू नका. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या भागात जीबीएसची, म्हणजे नसा ढिल्या पाडणाऱ्या गिलियन-बारे सिंड्रोमची, साथ आली, त्या आजारात चेहऱ्याच्या दोन्ही बाजू जाऊ शकतात आणि पुढे श्वासाचा प्रश्न येतो. एमआरआयमध्ये नसा चमकलेल्या दिसतात कधी कधी, पण त्याचं निदान नर्व्ह कंडक्शन आणि पाठीच्या पाण्यावर होतं. टीबीचा मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाची सूज) आणि सार्कॉइड (अवयवांत सुजेच्या बारीक गाठी करणारा आजार) हेही दोन्ही बाजूंना धरतात आणि तिथे कॉन्ट्रास्टचा एमआरआय खरोखर उपयोगी पडतो.

गालाचं, पापणीचं सतत फडफडणं, हेमिफेशियल स्पाझम, हा वेगळा विषय. त्यात नस मेंदूतून निघते तिथे एखादी रक्तवाहिनी टेकलीय का ते पाण्यात नसा दिसणाऱ्या बारीक सिक्वेन्सवर बघतात. पण अशी टेकलेली वाहिनी काहीच त्रास नसलेल्या लोकांतही सापडते, म्हणून निदान पेशंटकडे बघूनच करायचं आणि फोटो सर्जनला वाट दाखवायला.

स्कॅन करायची वेळ आलीच तर चिठ्ठीवर नुसतं एमआरआय ब्रेन लिहून घेऊ नका. फेशियल नर्व्हसाठी, साधा आणि कॉन्ट्रास्ट, पोन्सपासून पॅरोटिडच्या खालच्या टोकापर्यंत, १ मिलिमीटरपेक्षा बारीक स्लाइस, आणि चरबी न दाबलेला टी-वन नक्की, एवढं डॉक्टरांकडून लिहून घ्या. चरबी दाबून टाकली तर तो पांढरा ठिपका दिसणारच कसा? कोणती बाजू, कोणत्या तारखेला, किती दिवसांत वाढलं, कपाळ गेलंय का, कान वाहतो का, हे पण त्याच चिठ्ठीवर हवं, कारण टेक्निशियन आणि आम्ही पेशंटचा चेहरा बघतोच असं नाही, हे वाईट आहे पण आहे. शुगर आहे म्हणून आधी क्रिएटिनिन करून घ्या, किडनी फार कमी चालत असेल तर गॅडोलिनियमचा, म्हणजे एमआरआयच्या कॉन्ट्रास्टचा, विचार करून निर्णय घ्यावा लागतो. पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, मेंदूतली क्लिप यातलं काही असेल तर दारातच सांगायचं.

आत्ता या आठवड्यात मात्र डोळा सांभाळा, दिवसभर थेंब, रात्री मलम आणि पापणी मिटवून चिकटपट्टी, बुबुळ कोरडं पडून जखम झाली तर ती चेहऱ्यापेक्षा महाग पडते. स्टिरॉइडवर शुगर वाढतेच, ती रोज तपासून डॉक्टरांना कळवा, गोळी मनाने बंद करू नका. दर रविवारी त्याच खिडकीपाशी बसवून मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, आठ्या, डोळे मिटणं, दात दाखवणं, गाल फुगवणं. ३ आठवड्यांनी काहीच हललं नाही तर ईएनटीला दाखवा, ३ महिन्यांनी अपुरं राहिलं तर वर लिहिलेला स्कॅन.

आणि भावाला रागावू नका. ती सीडी जपून ठेवा, फक्त कागदी रिपोर्ट नको, सीडीच. पुढे स्कॅन करायची वेळ आलीच तर ती सोबत न्या आणि बघणाऱ्याला सांगा की आधी शेवटच्या एक-दोन स्लाइस उघडा, उजव्या बाजूचा तो चरबीचा ठिपका पहिल्या दिवशी तिथे होता का ते बघा.